बरं हाय म्हणायची सवय

“कुणी विचारलं, आता कसं आहे, तर काय म्हणायचं?”

“बरं हाय.”

“आई!”

प्रतीक्षाने आईच्या वेणीचा पेड तसाच सोडला आणि कपाळाला हात लावला. शालन खाटेच्या कडेवर बसली होती, लेकीकडे पाठ करून, उजवा पाय समोर सरळ काढून. सकाळपासून घरात हीच उजळणी चालली होती. आज वडगावच्या कोर्टात तारीख होती आणि आज शालनला स्वतः पिंजऱ्यात उभं राहून बोलायचं होतं. बसमध्ये पडून गुडघा गेला, त्याच्या भरपाईचा दावा.

“पुन्हा. आता कसं आहे, मावशी?” प्रतीक्षाने वकिलासारखा आवाज काढला.

“बरं न्हाई,” शालन पुटपुटली. शेजारणीचं भांडं न विचारता उचलून आणावं, तसला आवाज.

“मोठ्याने.”

“अगं, कुणी एवढं आपुलकीनं इचारलं आन् त्याच्या तोंडावर बरं न्हाई म्हणायचं? कसं दिसतं ते?”

तसं बघितलं तर यात शालनची चूक थोडी आणि आपल्या मावळाची जास्त. आपल्याकडे सलाइन लावून पडलेला माणूससुद्धा भेटायला आलेल्याला बरं आहे म्हणतो, आणि वर, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका, असा आग्रह करतो. दुखणं सांगणं म्हणजे समोरच्याच्या डोक्यावर आपलं ओझं ठेवणं. तो बिचारा दोन शब्द विचारायला आला, त्याला कशाला त्रास? म्हणून सगळे बरे असतात. थेट तिरडीवर चढेपर्यंत बरे असतात. या बरेपणाचा मला मनापासून राग आहे, पण मला कुणी विचारलं तर मीही तेच सांगतो.

शालनला ही सवय एकदा भोवली होती. दाव्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो, म्हणून तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांपुढे नेलं होतं. प्रतीक्षा खाली केसपेपर काढायला रांगेत उभी, तेवढ्यात वर शालनचं नाव पुकारलं. शालनने नवी साडी नेसली होती. दाराशी आल्यावर तिने चपला काढल्या आणि चपलांशेजारी काठीही भिंतीला टेकवून ठेवली. त्यांच्या गावच्या, तळेगावजवळच्या वराळ्याच्या बुद्धविहारात म्हातारी माणसं तसंच करतात. काठी टेकत टेकत भन्तेंपुढे, म्हणजे भिक्खूंपुढे, कुणी जात नाही. मग एवढ्या मोठ्या साहेबांपुढे तरी कसं जायचं? दारापासून टेबलापर्यंत ती ताठ चालत गेली. दात आवळले होते, पण ते पदराआड. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला, दुखतंय का विचारलं. शालन म्हणाली, थोडं. आता कसं आहे, विचारलं. शालन म्हणाली, बरं हाय साहेब, तुमच्या लोकांच्या औषधानं गुण आला.

डॉक्टरांनी तरी काय करावं? आधाराशिवाय चालते, तक्रार नाही, असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. बाहेर आल्यावर शालनने काठी घेतली आणि जिना उतरताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बघायला तिथे कुणी डॉक्टर नव्हता.

त्या दाखल्यावर दावा अडला होता. त्यांच्या वकील रुपालीताईंनी प्रतीक्षाला स्वच्छ सांगितलं होतं, “कागद आपल्या विरुद्ध आहे. आता आईंच्या तोंडून काय निघतं त्यावर सगळं. त्या कोर्टात खरं बोलल्या तर पुन्हा तपासणी मागता येईल. बरं आहे म्हणाल्या, तर मला हात जोडून घरी जावं लागेल.”

प्रतीक्षाने वेणी पुरी केली. शालनने काठी घेतली, आणि दोघी निघाल्या.

अपघाताला आता दोन वर्षं होत आली होती. शालन तेव्हा लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिथे बायका जमिनीवर मांडी घालून गोल बसतात, मध्ये कापलेल्या चिक्कीचा ढीग, आणि दिवसभर पुडे भरत राहतात. हाताला गुळाचा चिकटा आणि तोंडाला गप्पा, दोन्ही सुटत नाहीत. नवरा, केरबा, गेल्यावर त्या गोलानेच शालनला उभं केलं होतं. घर चाललं, प्रतीक्षाचं शिक्षण झालं, तळेगावच्या कंपनीत तिला नोकरी लागली.

त्या दिवशी लोकल बंद होत्या म्हणून शालन बसने परत येत होती. बस भरलेली, ती दाराजवळ दांडा धरून उभी. कार्ला फाट्याच्या पुढे पर्यटकांची एक मोटार उलट्या बाजूने आडवी घुसली. चूक मोटारवाल्याची, ब्रेक बद्रुद्दीनचा आणि गुडघा शालनचा. ती दाराच्या पायऱ्यांवर जाऊन आदळली. मोटार निघून गेली.

बद्रुद्दीन म्हणजे बसचा ड्रायव्हर. हाही वराळ्याचाच, केरबाचा जिवाभावाचा दोस्त. दोघांनी बरोबरीने गाडी चालवायचं लायसन काढलेलं. हा बसवर गेला, केरबा टेम्पोवर. त्या दिवशी त्याने वहिनी, वहिनी म्हणत शालनला उचललं, सीटवर निजवलं आणि उतारूंनी भरलेली अख्खी बस तशीच हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभी केली. एकाही उतारूने हूं की चूं केलं नाही.

गुडघ्याची वाटी फुटली होती. ऑपरेशन झालं, मग परत एक झालं. हाड जुळलं, पण गुडघा अर्ध्यावर वाकून थांबायला लागला. शालनला चालता येत होतं, उभं राहता येत होतं, खुर्चीवर बसता येत होतं. फक्त जमिनीवर बसता येत नव्हतं. आणि तिचं सगळं आयुष्य जमिनीवर होतं. कारखान्याच्या मालकाने भल्या मनाने टेबल-खुर्ची दिली. पण गोल खाली आणि ही वर एकटी. ढिगापर्यंत हात पोचेना, गप्पाही पोचेनात. थोड्या दिवसांनी तिने काम सोडलं.

दावा लावायला ती तयारच नव्हती. “बसनं का मुद्दाम पाडलं व्हय मला?” असं म्हणायची. रुपालीताईंनी घरी येऊन समजावलं, की ही भीक नाही, तिकीट काढून बसलेल्या माणसाचा हा हक्क आहे. शालनने सही केली. दाव्यात सामनेवाला म्हणून पहिलं नाव ड्रायव्हरचं लागतं, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. ते कळलं, तेव्हा समन्स बद्रुद्दीनच्या घरी पोचलं होतं, आणि शालनने केरबाच्या दोस्तावर केस केली, ही बातमी गावभर झाली होती. शालनला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

बद्रुद्दीनच तिच्या दारात आला. उंबऱ्यावर उभं राहून म्हणाला, “वहिनी, कायद्यात डायवरचं नाव पयलं असतंच. मनाला लावून घिऊ नका. बाकी, कसं हाय आता?”

“बरं हाय, बद्रुभाऊ. तुमचं?”

“बरं.”

तेव्हापासून तो जिथे भेटेल तिथे विचारायचा. दुकानात, थांब्यावर, पिठाच्या गिरणीत. विचारताना त्याची नजर शालनच्या गुडघ्याकडे जायची आणि लगेच दुसरीकडे वळायची. ती नजर शालनला गुडघ्यापेक्षा जास्त दुखायची. म्हणून ती आणखी हसून सांगायची, बरं हाय.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकडी होती, पण ती सगळी भरलेली. कोर्टात आलेला माणूस निम्मा तिथेच म्हातारा होतो. एका खांबाला टेकून शालन उभी राहिली. पुकारा होईल म्हणत सकाळ गेली. प्रतीक्षाने डबा आणला होता, तो उभ्यानेच खाल्ला. काम बुडवून आलेली प्रतीक्षा सारखी मोबाइल बघत होती आणि बघून झालं की आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. लेकीला आपल्यापायी असं उभं राहावं लागतं, याचं शालनला फार वाईट वाटलं.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बद्रुद्दीन होता. बसखात्याच्या वकिलाबरोबर उभा. कपडे इस्त्रीचे, पण माणूस चुरगळलेला. शालनकडे बघून त्याने हात वर केला. त्याच्या वकिलाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो हात खाली आला.

“काठी घेऊन आत जायचं,” रुपालीताई पुढे येऊन हळूच म्हणाल्या. “बाहेर ठेवायची नाही. कळलं?”

“व्हय.”

“आणि खरं बोलायचं. एवढंच.”

एवढंच! माणसाला खोटं बोलायला शिकवणारे वकील पुष्कळ भेटतात. या बाईला खरं बोलायला शिकवावं लागत होतं, आणि तेही जमत नव्हतं.

दुपार कलल्यावर पुकारा झाला. शालन काठी टेकत आत गेली. फरशीवर काठीचा आवाज झाला तशी ती शरमली, पण काठी सोडली नाही. जज साहेब समोरच्या कागदांतून मान वर न करता म्हणाले, “बाईंना खुर्ची द्या.” शिपायाने खुर्ची दिली. शपथ झाली. रुपालीताईंनी विचारलेलं सगळं तिने नीट सांगितलं. बस, ब्रेक, पायऱ्या, ऑपरेशन. मग उलटतपासाला बसखात्याचे वकील उठले. तरुण होते, आवाज मऊ होता. मऊ आवाजाच्या वकिलापासून जपून राहावं.

“मावशी, हा डॉक्टरांचा दाखला. तुम्ही डॉक्टरांना बरं आहे म्हणालात, हे खरं?”

“व्हय.”

“काठीशिवाय चाललात?”

“काठी भाईर ठिवली हुती.”

“म्हणजे काठीशिवाय चाललात.”

“व्हय.”

मागच्या बाकावर प्रतीक्षाने मान खाली घातली. तिच्या पलीकडे बद्रुद्दीन बसला होता, हात मांडीवर ठेवून.

“हे बद्रुद्दीन तुमच्या गावचे. तुमच्यात वैर आहे?”

“न्हाई ओ. आमच्या यजमानांचे दोस्त ते.”

“ते तुमची विचारपूस करतात?”

“लय करत्यात.”

“काय विचारतात?”

“कसं हाय, म्हणून.”

“आणि तुम्ही काय सांगता?”

शालनला आता कळलं, की बद्रुद्दीनने आपल्या वकिलाला हे सगळं सांगितलेलं आहे. वाईट मनाने नव्हे. वकिलाने विचारलं असेल, बाईंची तब्येत आता कशी आहे, आणि त्याने भाबडेपणाने सांगितलं असेल, की मी दर वेळी विचारतो, बरं आहे म्हणतात. त्याला ते खरंच वाटत होतं. किंवा खरं वाटावं, असं त्याला वाटत होतं.

“मावशी, काय सांगता?”

“बरं हाय म्हनती.”

टाइप करणाऱ्या बाईची बोटं चालली. वकिलाने कागद खाली ठेवला. आवाज आणखी मऊ झाला.

“दोन वर्षं तुम्ही या भल्या माणसाला सांगताय, की बरं आहे. आज कोर्टाला सांगताय, की बसता येत नाही, काम गेलं. मग मला एवढंच सांगा, तुम्ही खोटं कुणाला सांगितलंत? यांना, की कोर्टाला?”

रुपालीताई उठल्या आणि काहीतरी म्हणाल्या. जज साहेबांनी हाताने त्यांना बसवलं. “त्यांना उत्तर देऊ दे.”

शालनने मागे बघितलं. बद्रुद्दीन तिच्याकडेच बघत होता. या वेळी नजर वळवत नव्हता. आता सांगितलं, तर या माणसाच्या जिवाला जन्माचा घोर लागणार. नाही सांगितलं, तर लेकीने दोन वर्षं केलेल्या खटपटीवर पाणी पडणार. ती फार दमली होती. उभं राहून दमली होती, हसून दमली होती, आणि सगळ्यात जास्त बरी असून दमली होती.

“त्यास्नी,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“बद्रुभाऊस्नी खोटं सांगत हुते. दर बारीला.”

जज साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. “का?” त्यांनी विचारलं.

शालनने काठी मांडीवर आडवी घेतली. “साहेब, त्यांनी मला लेकरावानी उचलून दवाखान्यात नेलं. त्यास्नी कसं सांगू, की बरं न्हाई? त्यांची चूक न्हवती. पर ब्रेक त्यांच्याच पायाखाली हुता ना. मी रडले असते तर त्यांनी अन्न सोडलं असतं.”

“मग खरं काय आहे ते आता सांगा. त्रास काय होतो?”

“साहेब, मला खाली बसता येत न्हाई.”

“आणखी?”

“आनखी काय न्हाई. तेवढंच.” ती थांबली. तेवढंच म्हणजे किती, हे या उंच खुर्चीवर बसलेल्या माणसाला कसं सांगावं, याचा ती विचार करत होती. “आमच्या विहारात पौर्णिमेला वंदना असती. समदी खाली बसत्यात. भन्ते चटईवर बसत्यात. मला बायकांनी खुर्ची दिली. आता भन्ते खाली आन् मी त्यांच्या वर बसू? ते काय बोलले न्हाईत. बसा म्हनले. पर मला बसवंना. मी दाराशी हुबी ऱ्हायले, समदी वंदना हुईस्तवर. मंग जायचंच सोडलं. कारखान्यात तसंच. माणसं खाली असत्यात, साहेब, आन् मी खुर्चीवर. माझ्या जवळ आता कुणीच न्हाई.”

ती रडली नाही, पण तिला रडावंसं वाटलं आणि ते सगळ्यांना दिसलं.

वकिलाला आणखी प्रश्न होते, पण त्याने ते विचारले नाहीत. रुपालीताईंनी पुन्हा वैद्यकीय तपासणी व्हावी, असा अर्ज पुढे केला. तो त्यांनी आधीच लिहून आणला होता. जज साहेबांनी तो मंजूर केला आणि टाइप करणाऱ्या बाईला आदेश सांगायला लागले. सांगता सांगता थांबून म्हणाले, “डॉक्टरांनी बाईंना जमिनीवर बसता येतं का ते तपासावं, असं स्पष्ट लिहा.” मग पुढची तारीख पडली. दिवाळीनंतरची.

झालं. यालाच कोर्टात जिंकणं म्हणतात. दिवसभर उभं राहायचं, पोटातलं सगळं चारचौघांत काढून ठेवायचं, आणि दिवाळीनंतर पुन्हा यायचं.

प्रतीक्षा रुपालीताईंबरोबर आदेशाची नक्कल मागायला गेली. शालन एकटी बाहेर आली आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर टेकली. कट्टा उंच होता, त्यामुळे पाय सरळ सोडता येत होता. मागून बद्रुद्दीन आला. तो समोर येऊन उभा राहिला. शालनने मनाची तयारी केली. आता हा माफी मागेल, नाहीतर बोलणंच टाकेल. दोन्ही तिला सोसलं नसतं.

“कसं हाय, वहिनी?” त्याने विचारलं.

दोन वर्षांची जीभ. उत्तर ओठापर्यंत आलं होतं. शालनने ते गिळलं.

“बरं न्हाई, बद्रुभाऊ.”

त्याने मान हलवली. मग पुढे होऊन तो तिच्या शेजारी कट्ट्यावर बसला.

“कुठं दुखतं?”

हे आजवर त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारायला जागाच नव्हती. बरं आहे म्हटल्यावर पुढे काय विचारणार? शालनने गुडघ्यावर बोट ठेवून दाखवलं. इथं आतून. जिना उतरताना. थंडीत पहाटे. कूस बदलताना. ती सांगत गेली आणि तो ऐकत गेला. मध्ये त्याने एकदाही, होईल बरं, असं म्हटलं नाही. सांगता सांगता शालनला जाणवलं, की आपण खरंच त्याच्या डोक्यावर ओझं ठेवतोय, आणि तो ते घेऊन सरळ बसला आहे.

बोलणं संपलं तशी तिला शिष्टाचार आठवला.

“तुमचं कसं हाय, भाऊ?”

“ब...” बद्रुद्दीन म्हणाला आणि थांबला. समोर हायवेच्या बाजूने तळेगावची बस येत होती. तिने फाटकासमोर थांब्यावर ब्रेक लावला. ब्रेकचा आवाज झाला, तसा बद्रुद्दीनचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला. शालनने ते बघितलं.

“माझंबी बरं न्हाई, वहिनी,” तो म्हणाला. “गाडी चालवणं सुटलं आता माझं. डेपोत बसून असतो. घरी कुणाला सांगितलं न्हाई.”

“कधीपासनं?”

“तवापासनंच.”

बसचं दार उघडं होतं. कंडक्टरने वाकून दोघांकडे बघितलं. “आजी, तळेगाव? या लवकर.”

शालनने काठी हातात घेतली, पण उठली नाही. बद्रुद्दीनही उठला नाही. कंडक्टरने घंटी मारली आणि बस निघून गेली.

“जाऊ द्या,” शालन म्हणाली. “प्रतीक्षा यायचीय अजून. सांगा मला, काय हुतं ते.”